विश्लेषण : ‘सी’ येते, आर्डुइनोही चालतो... नोकरीसाठी पुढची भाषा कोणती?

अभियांत्रिकीच्या प्रत्येक वर्गात एक-दोन मुले-मुली अशी असतातच, ज्यांच्या दप्तरात वहीपेक्षा ब्रेडबोर्ड आधी सापडतो. पॉइंटर म्हटले की वर्गातले बाकीचे मान खाली घालतात. यांना मात्र डेटाशीट वाचून रजिस्टरमधला नेमका बिट बदलण्यात मजा येते. पुण्यात असतील तर तपकीर गल्ली आणि मुंबईत असतील तर लॅमिंग्टन रोड त्यांना तोंडपाठ असतो. कॅम्पस भरतीचा हंगाम आला की सर्वांत जास्त गोंधळतात तीही हीच मुले. जाहिरातींत जावा, स्प्रिंग, रिॲक्ट, पायथन अशी नावे असतात. ज्या ‘सी’वर दोन वर्षे जीव लावला, ती क्वचितच दिसते. मग प्रश्नांची माळ लागते. ‘फुल स्टॅक’चा क्लास लावावा का? पायथन शिकून एआयकडे वळावे का? रस्टचे भविष्य चांगले आहे म्हणतात, ते खरे का?

यावर ‘भाषा महत्त्वाची नसते, संकल्पना पक्क्या हव्यात’ असे सांगून मोकळे होणारे ज्येष्ठ पुष्कळ भेटतात. दहा वर्षे नोकरी केलेल्या माणसासाठी ते खरेही आहे. पहिली नोकरी शोधणाऱ्याच्या अर्जावर मात्र भाषेचे नाव लिहावेच लागते आणि मुलाखत त्याच भाषेत होते.

हा प्रश्न आताच इतका अवघड का झाला?

दहा-बारा वर्षांपूर्वी भाषा निवडण्याचे काम कंपन्याच करीत. मोठ्या आयटी सेवा कंपन्या एकेका महाविद्यालयातून शेकड्यांनी मुले घेत. त्यांत मेकॅनिकल, सिव्हिलची मुलेही असत. ‘ॲप्टिट्यूड’ची परीक्षा पार पडली आणि इंग्रजीत चार वाक्ये नीट बोलता आली, की पुढचे काही महिने कंपनी पगार देऊन शिकवायची. जावा मिळणार की डॉटनेट, हे ज्या तुकडीत नाव येईल त्यावर ठरे. कोणी तक्रार करीत नसे.

तो रस्ता बंद झालेला नाही, पण अरुंद झाला आहे. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये मनुष्यबळात सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची कपात जाहीर केली. त्यात मुख्यत्वे मधल्या आणि वरच्या फळीतील लोक होते, तरी धडकी भरली ती शेवटच्या वर्षातल्या मुलांना. ‘आधी घेऊ, मग शिकवू’ ही हमी आता कोणी देत नाही. शिकण्याचा खर्च आणि वेळ दोन्ही विद्यार्थ्याच्या खात्यात आले आहेत.

लातूर, जळगाव किंवा चंद्रपूरहून पुण्यात येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलासाठी हा हिशेब रोकडा असतो. खोलीभाडे, मेस, क्लासची फी, आणि दर महिन्याला घरी ‘आणखी थोडे दिवस’ असे सांगणे. त्यात भाषा तीनदा बदलली, म्हणजे दोन महिने पायथन, तीन महिने रिॲक्ट, मग ‘जावाला मागणी आहे’ म्हणून जावा, की वर्ष संपते. मुलाखतीत समोरचा विचारतो, ‘तुम्हाला नक्की काय येते?’ आणि बायोडेटावर पाच भाषा असूनही उत्तर सापडत नाही.

लोकप्रियतेच्या याद्यांवर विसंबावे का?

थोडक्यात, नाही. या याद्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात आणि आपण त्या सगळ्या ‘नोकरी किती’ अशाच वाचतो. ‘टिओबे’ हा सर्वाधिक उद्धृत होणारा निर्देशांक. सर्च इंजिनांवर एखाद्या भाषेबद्दल किती पाने सापडतात, यावर तो बेतलेला आहे. गिटहबच्या वार्षिक अहवालात २०२४ मध्ये पायथन पहिली होती, २०२५ मध्ये टाइपस्क्रिप्ट पुढे गेली. एका वर्षात पुण्यातल्या कंपन्यांनी आपले सगळे सॉफ्टवेअर बदलले, असा त्याचा अर्थ होत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोच्या सर्वेक्षणात २०१६पासून रस्ट वापरकर्त्यांची सर्वाधिक आवडती भाषा ठरत आली आहे. तिथला प्रश्न असतो, ‘ही भाषा वापरणाऱ्यांपैकी किती जणांना ती पुढेही वापरावीशी वाटते?’ आवड आणि भरती यांचे नाते आपल्याकडे काय असते, हे वेगळे सांगायला नको.

यातले एक जुने उदाहरण फार बोलके आहे. टिओबेने २०११ आणि २०१२ अशी सलग दोन वर्षे ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेला ‘वर्षातील भाषा’ ठरवले. आयफोनची ॲप त्या भाषेत लिहिली जात आणि तिचे क्लास निघाले होते. जून २०१४ मध्ये ॲपलने स्विफ्ट ही नवी भाषा जाहीर केली आणि ऑब्जेक्टिव्ह-सी हळूहळू मागच्या बाकावर गेली. ज्यांना ॲप कसे बांधायचे हे कळत होते, त्यांनी स्विफ्ट उचलली आणि काम चालू ठेवले. ज्यांना फक्त चौकटी कंस आठवत होते, त्यांची पंचाईत झाली.

याद्यांपेक्षा एक साधे काम करा. नोकरीच्या कोणत्याही संकेतस्थळावर तुम्ही जिथे राहू शकता ते शहर आणि ‘० ते २ वर्षे अनुभव’ निवडा, पहिल्या ५० जाहिराती उघडा आणि कोणती भाषा किती वेळा मागितली आहे, याच्या रेघा वहीत ओढा. एक संध्याकाळ जाते. जगाच्या बाजाराचा निर्देशांक वाचण्यापेक्षा तुमच्या बाजाराचा हा कागद अधिक कामाचा आहे.

‘सी’ला खरेच बाजार नाही का?

आहे, आणि महाराष्ट्रात तर तो नजरेसमोर आहे. पिंपरी, आकुर्डी आणि चाकणच्या पट्ट्यात टाटा मोटर्स, बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आहेत. त्यांच्याभोवती वाहनांसाठी सॉफ्टवेअर आणि अभियांत्रिकी सेवा देणाऱ्या कंपन्यांचे जाळे वाढले. केपीआयटी आणि टाटा टेक्नॉलॉजीज या दोघांची मुख्यालये पुण्यात आहेत. आजच्या मोटारीत ब्रेकपासून खिडकीच्या काचेपर्यंत डझनावारी छोटे संगणक असतात आणि त्यांतला मोठा कोड आजही ‘सी’मध्येच लिहिला जातो. याशिवाय पुण्यात स्टोरेज सॉफ्टवेअरची जुनी परंपरा आहे. व्हेरिटासचे विकास केंद्र इथे १९९०च्या दशकापासून होते. एनव्हिडियाचेही केंद्र शहरात आहे. ड्रायव्हर, फाइल सिस्टीम, कर्नल असे काम करणारी माणसे अशा ठिकाणी लागतात.

मग जाहिरातींत ‘सी’ दिसत का नाही? कारण तिथे ‘सी’ हे पदाचे नाव नसते. ‘एम्बेडेड’, ‘ऑटोसार’, ‘डिव्हाइस ड्रायव्हर’, ‘बीएसपी’ अशा शब्दांमागे ती दडलेली असते. शोधताना हे शब्द टाकून पाहा.

मात्र छंद म्हणून केलेले कोडिंग आणि हे काम यांत मोठी दरी आहे, आणि ती भाषेची नाही. आर्डुइनोवर एलईडी लुकलुकवताना आपण एक सेकंदाचा ‘डिले’ टाकतो. त्या सेकंदात प्रोसेसर दुसरे काहीच करत नाही आणि आपल्याला त्याचे काही वाटत नाही. ब्रेक सांभाळणाऱ्या संगणकात असा एक सेकंद कोणी घेतला, तर काय होईल याची कल्पना करा. तिथे कोणते काम किती मिलिसेकंदांनी व्हायलाच हवे, याचे वेळापत्रक असते. ते पाळण्यासाठी रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टीम असते. यंत्रणा अडकली तर तिला पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग असतो. १९९८ मध्ये वाहन उद्योगाने ‘सी’ सुरक्षितपणे वापरण्यासाठी ‘मिस्रा सी’ ही नियमावली आणली. तिच्या नियमांनुसार चालू प्रोग्रॅममध्ये ‘मॅलॉक’ने मेमरी मागायची नाही. कॉलेजात लिंक्ड लिस्टचा पहिला धडा ज्या फंक्शनने सुरू होतो, त्यालाच इथे बंदी! शिवाय प्रत्येक तुकड्यामागे ‘ही ओळ कोणत्या गरजेसाठी लिहिली’ याची नोंद आणि चाचणीचा पुरावा लागतो. पाच ओळी कोड आणि पाच पाने कागद, असे या क्षेत्रातले मित्र गमतीने म्हणतात.

छंदाकडून व्यवसायाकडे जायचे, तर ही शिस्त शिकायला हवी. कॅन बसवर दोन बोर्ड एकमेकांशी बोलवून दाखवणे, एखादी छोटी आरटीओएस वापरणे, आणि सोबत सी प्लस प्लस. ऑटोसारच्या नव्या, ‘ॲडॅप्टिव्ह’ चौकटीत सी प्लस प्लसच चालते, त्यामुळे ‘मला सी पुरे’ म्हणून भागणार नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टीम्सचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम याच कामाचा आहे. साधारण सहा महिन्यांचा, दिवसभराचा आणि घाम काढणारा. त्यासाठी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, हे त्याचे वैगुण्य नसून गुण आहे. ‘गेट’च्या संगणकशास्त्राच्या पेपरातही प्रोग्रॅमिंगची भाषा ‘सी’च आहे, त्यामुळे एम.टेक. किंवा सार्वजनिक उपक्रम डोळ्यांसमोर असतील त्यांना ती सोडून चालणारच नाही.

तोटेही सांगायला हवेत. या जागा संख्येने कमी आहेत. त्या पुणे, बंगळूरु, चेन्नई, हैदराबादसारख्या ठरावीक शहरांत आहेत आणि बोर्ड टेबलावर लागत असल्यामुळे नांदेडला घरी बसून हे काम सहसा होत नाही. सुरुवातीचा पगारही डोळे दिपवणारा असेलच असे नाही. स्पर्धा मात्र तुलनेने कमी असते आणि पाच वर्षांचा अनुभव झाला की माणूस सहजासहजी बदलता येत नाही. (जर्मन वाहन कंपन्यांशी काम करणाऱ्या पुण्यातल्या अभियंत्यांना विचाराल, तर पुढची शिकण्याजोगी भाषा म्हणून ते पायथनचे नाव घेणार नाहीत. ते मॅक्सम्युलर भवनचा पत्ता देतील.)

हा रस्ता नको असेल, तर जावाच का?

सगळ्यांनाच हार्डवेअरजवळ राहायचे नसते आणि सगळ्यांना तिथे जागाही नाही. ‘सी’चा पाया आहे, पण नोकरी जास्त जागा असलेल्या क्षेत्रात हवी, अशा विद्यार्थ्याला महाराष्ट्रात मी आज जावा सुचवेन. हे मत फॅशनेबल नाही, याची कल्पना आहे. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टीम्सने आणलेली ही भाषा आता तिशीत आहे. शब्दबंबाळ आहे. एक ओळ छापायलाही तिला वर्षानुवर्षे वर्ग लिहावा लागे. समाजमाध्यमांवर तिची टिंगल रोज होते.

पण बार्कलेज, डॉइश बँक, यूबीएस या बँकांची मोठी तंत्रज्ञान केंद्रे पुण्यात आहेत, मास्टरकार्डचे आहे आणि मुंबईत बँका, विमा कंपन्या, शेअर बाजाराशी संबंधित यंत्रणा आहेत. अशा संस्थांच्या व्यवहारांचा मोठा भाग जावावर चालतो. बँकेचे सॉफ्टवेअर दर दोन वर्षांनी कोणी नव्याने लिहीत नाही. ते पंधरा-वीस वर्षे चालवले जाते आणि तेवढी वर्षे त्याला माणसे लागतात. याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेतले. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे बेरोजगारभत्त्याचे अर्ज अचानक वाढले, तेव्हा न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन केले. कोबोल ही १९५९ची भाषा. व्यवहाराचे सॉफ्टवेअर इतके चिवट असते. जावा त्याच जातकुळीतली आहे, फक्त अजून भर तारुण्यात.

माझ्या मते पहिल्या नोकरीची भाषा थोडी कंटाळवाणीच असावी. ज्या कंपनीत ती भाषा लिहिणारे तुम्ही चारशेवे असता, तिथे तुमचा कोड तपासायला माणूस असतो, तुमच्या आधी तीच चूक केलेली दहा जण असतात आणि ‘हे असे का केले?’ असे विचारणारी ज्येष्ठ मंडळी असतात. नव्या झगमगत्या भाषेत चार जणांच्या स्टार्टअपमध्ये पहिल्याच दिवशी सगळे तुमच्यावर येते. काही जण त्यात तरतात. बहुतेकांना पहिली दोन वर्षे शिकवणारा कोणीतरी लागतो.

‘सी’वाल्यांना इथे एक छुपा फायदा आहे, जो त्यांना स्वतःलाच ठाऊक नसतो. जावाच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘हॅशमॅप आतून कसा चालतो?’ क्लासमधून आलेली मुले याचे उत्तर पाठ करून येतात. ज्याने ‘सी’मध्ये ॲरे घेऊन प्रत्येक घराला लिंक्ड लिस्ट जोडली आहे, त्याने तो हॅशमॅप स्वतः बांधलेला असतो. जावा ८पासून एखाद्या घरात फार नोंदी साचल्या की त्या यादीचे रेड-ब्लॅक ट्रीमध्ये रूपांतर होते, हे त्याला एका वाक्यात समजते, कारण लांब लिंक्ड लिस्ट हळू का पडते हे त्याने अनुभवलेले असते. ॲरेलिस्ट भरल्यावर नवी मोठी जागा घेऊन सगळे घटक तिकडे हलवते, हेही त्याला नवे नसते. ‘रिॲलॉक’ने त्याने तेच केलेले असते. गार्बेज कलेक्टर असूनही जावा प्रोग्रॅमची मेमरी कशी गळते, हा प्रश्न इतरांना कोड्यासारखा वाटतो. ज्याने ‘फ्री’ करायला विसरून रात्र जागवली आहे, तो लगेच विचारतो, ‘कोणीतरी त्या वस्तूचा पत्ता धरून ठेवला आहे का?’

मात्र शिकायची ती आजची जावा. स्प्रिंग बूटची तिसरी आवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, तिला किमान जावा १७ लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये जावा २१ आली. आपल्याकडे अजूनही स्विंगच्या खिडक्या आणि जेएसपीची पाने शिकवणारे अभ्यासक्रम आहेत. ज्या व्यवस्थेत टर्बो सीचा निळा पडदा इतकी वर्षे टिकला, तिथे हे व्हायचेच.

आणि सोबत एसक्यूएल. हे मी तळटीप म्हणून सांगत नाही. १९७०च्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेली ही भाषा जावा, पायथन, जावास्क्रिप्ट या तिघींपेक्षा वयाने मोठी आहे आणि कोणतीही मुख्य भाषा निवडली तरी ती लागतेच. दोन तक्ते जोडणे, गटवारी करणे, इंडेक्स का लावायचा आणि कधी लावायचा नाही, एवढे नीट येणारा नवोदित मुलाखतीत लगेच उठून दिसतो. दुर्दैवाने आपल्याकडे हा विषय ‘डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलला पाठ करायच्या दहा क्वेरी’ एवढाच उरतो.

पायथन आणि एआयचे काय?

पायथन शिकावीच, पण ती एकटी पुरेल या भ्रमात राहू नये. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमापासून अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात प्रोग्रॅमिंग पायथनमधूनच शिकवले जाऊ लागले. म्हणजे मेकॅनिकलपासून इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत प्रत्येकाच्या बायोडेटावर ‘पायथन’ आहे. जे सगळ्यांकडे आहे, त्याने तुम्ही वेगळे कसे दिसणार? चाचण्यांचे स्वयंचलन, डेटा इंजिनीअरिंग या कामांत पायथनवाल्या नवोदितांना खऱ्या जागा आहेत. ‘डेटा सायंटिस्ट’च्या जागांवर मात्र पदव्युत्तर पदवी आणि गणित यांना प्राधान्य मिळते. चार महिन्यांच्या प्रमाणपत्रावर ते पद मिळेल, असे सांगणाऱ्या जाहिरातींपासून चार हात दूर राहिलेले बरे.

एआयकडे जाणारा दुसरा एक रस्ता आहे आणि तो नेमका ‘सी’ येणाऱ्यांसाठी आहे. पायथनमध्ये दहा ओळी लिहून आपण मोठे मॉडेल चालवतो, तेव्हा आकडेमोड पायथन करत नसते. पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटरच ‘सी’मध्ये आहे. नमपायचा गाभा ‘सी’मध्ये, पायटॉर्चचा सी प्लस प्लसमध्ये आणि ग्राफिक्स प्रोसेसरवरचे काम कुडामध्ये लिहिलेले असते. मार्च २०२३ मध्ये बल्गेरियातल्या जॉर्जी गेर्गानोव्ह या प्रोग्रॅमरने मेटाचे ‘लामा’ मॉडेल साध्या लॅपटॉपवर चालेल, असा कोड सी आणि सी प्लस प्लसमध्ये लिहून सर्वांसाठी खुला केला. ‘लामा डॉट सीपीपी’ नावाचा तो प्रकल्प पुढे जगभर वापरला गेला. मॉडेलमधले आकडे कमी बिटांत कसे बसवायचे, मेमरीतून ते कोणत्या क्रमाने वाचले की प्रोसेसर उपाशी राहत नाही, हे सगळे प्रश्न ब्रेडबोर्डवाल्यांच्या ओळखीचे आहेत. २ किलोबाइट रॅममध्ये प्रोग्रॅम कोंबलेल्या माणसाला काटकसर शिकवावी लागत नाही. एआयच्या गर्दीत पुढच्या दाराने शिरण्यापेक्षा या मागच्या दाराचा विचार अशा मुलांनी करावा. दार जड आहे, त्यामुळे रांग लहान आहे.

रस्ट, गो, कोटलिन, टाइपस्क्रिप्ट?

रस्टबद्दलची उत्सुकता रास्त आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते की, त्यांच्या उत्पादनांतल्या सुरक्षात्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकीच्या हाताळणीमुळे असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हाइट हाऊसच्या अहवालाने मेमरी-सुरक्षित भाषांकडे वळण्याचा आग्रह धरला. लिनक्स कर्नलमध्ये डिसेंबर २०२२च्या ६.१ आवृत्तीपासून रस्टला जागा मिळाली. दिशा स्पष्ट आहे. पण पुण्या-मुंबईत नवोदितासाठी रस्टच्या जाहिराती शोधायला बसलात, तर फार वेळ लागणार नाही, इतक्या त्या मोजक्या आहेत. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून ती उत्तम. पोट भरण्यासाठी पहिली म्हणून नको.

गो ही ‘सी’वाल्यांना घरच्यासारखी वाटेल, तिच्या जनकांत युनिक्सवाले केन थॉम्प्सन आहेत. डॉकर आणि कुबरनेटिस गोमध्ये लिहिलेले आहेत, बंगळूरुची झेरोधा ती मोठ्या प्रमाणावर वापरते. क्लाउडच्या पायाभूत कामात जायचे असेल, तर जावानंतर लगेच शिकण्यासारखी. कोटलिन अँड्रॉइडसाठी, २०१९पासून गुगलने तिलाच प्राधान्य दिले आहे आणि जावा येत असेल तर ती पटकन हाताशी येते. वेबची दर्शनी बाजू आवडत असेल, तर टाइपस्क्रिप्टला पर्याय नाही. मायक्रोसॉफ्टच्या जगातल्या कंपन्यांत सी शार्प चालते. ज्या शहरात, ज्या कंपनीत ओळखीचा माणूस आहे तिथे ती असेल, तर तीही जावाइतकीच चांगली.

एआय कोड लिहिते, मग भाषा शिकायचीच कशाला?

गिटहब कोपायलट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, तेव्हापासून हा प्रश्न दर महिन्याला नव्या आवेशात विचारला जातो. यंत्र कोड लिहिते आणि पुष्कळदा बरा लिहिते, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच एका भाषेत खोल जाणे आता जास्त गरजेचे झाले आहे. पाच भाषांचे व्याकरण जुजबी येण्याची किंमत शून्यावर आली. ते यंत्राला येते. यंत्राने दिलेल्या ऐंशी ओळींत डेटाबेसची जोडणी बंद करायची राहून गेली आहे, किंवा दोन थ्रेड एकाच आकड्यावर लिहीत आहेत, हे ओळखायला ती भाषा आणि तिच्याखालचे यंत्र दोन्ही ओळखीचे लागते. मुलाखतीत तयार कोड समोर ठेवून ‘यात काय बिघडेल?’ असे विचारले, की पाठांतराची पोतडी रिकामी होते.

मग सुरुवात कुठून करायची?

हातात असलेला प्रकल्प फेकून देऊ नका, तोच वरच्या मजल्यापर्यंत न्या. समजा, तुम्ही इएसपी-३२ बोर्डावर कृषिपंपाचा स्टार्टर केला आहे. गावाकडे रात्रपाळीची वीज असते, पंप सुरू करायला अंधारात शेतात जावे लागू नये, म्हणून हा प्रकल्प दर वर्षी डझनभर महाविद्यालयांत होतो आणि सबमिशननंतर कपाटात जातो. तिथे थांबू नका. पंप कधी सुरू झाला, किती वीज ओढली, याची नोंद बोर्डाकडून सर्व्हरला पाठवा. सर्व्हर जावा आणि स्प्रिंग बूटमध्ये लिहा. नोंदी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ठेवा. काकांना मोबाइलवर दिसेल असे एक पान करा, साधे असले तरी चालेल.

खरे शिक्षण यानंतर सुरू होते. शेतात रेंज गेली, तर बोर्डाने नोंदी कुठे साठवायच्या? रेंज आल्यावर तीच नोंद दोनदा पोहोचली, तर सर्व्हरने कशी ओळखायची? वीज जाऊन बोर्डाचे घड्याळ शून्यावर आले, तर वेळ कोणाची खरी धरायची? शेजारच्याच्या फोनवरून तुमचा पंप बंद झाला, तर? बँकेच्या व्यवहारात हेच प्रश्न वेगळ्या नावांनी येतात. पैसे दोनदा कापले जाऊ नयेत यासाठी जी युक्ती वापरतात, तीच तुम्ही पंपासाठी वापरलेली असेल आणि मुलाखतीत त्यावर अर्धा तास बोलता येईल.

हे घरी बसून, फुकट उपलब्ध साहित्यावर करता येते. स्वतःला शिस्त लागत नसेल, तर क्लास लावण्यात काही गैर नाही, पण फी भरण्यापूर्वी थोडी चौकशी करा. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ असे लिहिले असेल, तर मागच्या तुकडीतल्या तिघांशी फोनवर बोलायला मिळेल का, ते विचारा. ‘नोकरी लागल्यावर फी’ असा करार असेल, तर नोकरीची व्याख्या त्यात काय केली आहे आणि मधेच सोडल्यास किती रक्कम द्यावी लागेल, ही दोन कलमे घरच्यांसोबत वाचा. मूळ कागदपत्रे कोणाकडेही ठेवू नका. आणि डेमो लेक्चरला गेलात, की पडद्यावर जावाची कोणती आवृत्ती चालू आहे, तेवढे बघून या. १७च्या खालची असेल, तर चहा घेऊन निघायला हरकत नाही.